हृदयविकाराचे निदान झाल्यानंतर स्वयंपाकघरात काय आणि कसे बदलावे

अँजिओप्लास्टी किंवा बायपास होऊन रुग्ण घरी येतो, तेव्हा हातातील फाइलमध्ये गोळ्यांची यादी वेळेसकट असते; आहाराबद्दल मात्र बहुधा 'तेलकट, खारट, गोड कमी' एवढीच ओळ असते. कमी म्हणजे किती, आणि ते घरात कोणी व कसे मोजायचे, हे त्या ओळीत नसते. मग पहिले काही आठवडे रुग्णाला उकडलेल्या भाज्या आणि बिनमिठाचे वरण मिळते, बाकीच्यांचा स्वयंपाक वेगळा होतो, आणि दोन्ही बाजू कंटाळल्या की सगळे पूर्वीसारखे सुरू होते. रुग्णाचे ताट वेगळे काढण्यापेक्षा साऱ्या घराची फोडणी बदलणे हाच टिकणारा मार्ग आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. पुढील मजकूर नाशिकच्या स्वयंपाकघरांना डोळ्यांसमोर ठेवून आणि निदान आधीच झालेल्या रुग्णांसाठी लिहिला आहे. ज्यांना अद्याप काही झालेले नाही, त्यांच्यासाठी नव्हे.

आहाराने काय साधते आणि काय साधत नाही

स्टेंटने, म्हणजे अँजिओप्लास्टीत रक्तवाहिनीत बसवलेल्या बारीक जाळीदार नळीने, एका ठिकाणचा अडथळा दूर होतो. ज्या प्रक्रियेमुळे तो तयार झाला, ती हृदयाच्या, मेंदूच्या आणि पायांच्या इतर रक्तवाहिन्यांत चालूच असते. एलडीएल म्हणजे 'वाईट' कोलेस्टेरॉल रक्तवाहिनीच्या अस्तराखाली साचते, तेथे दाह होतो, आणि हा साठा फुटला की त्यावर रक्ताची गुठळी धरते. बहुतेक झटके असेच येतात. तूप, लोणी, साय, खोबरे आणि पामतेल यांतील संपृक्त चरबी एलडीएल वाढवते, मीठ रक्तदाब वाढवते, तर साखर व मैदा यांचा अतिरेक ट्रायग्लिसराइड ही रक्तातील चरबी आणि रक्तशर्करा वाढवतो. या सर्व वाटा स्वयंपाकघरातूनच जातात.

हे केवळ तर्काने सांगितलेले नाही. फ्रान्समधील लियाँ येथे १९८८ मध्ये सुरू झालेल्या अभ्यासात पहिला झटका येऊन गेलेले ६०५ रुग्ण होते. त्यांपैकी निम्म्यांना भाज्या, फळे, कडधान्ये आणि मासे वाढवून लोणी व मांस कमी करण्यास शिकवले होते. त्या गटात पुन्हा झटका येण्याचे प्रमाण निम्म्याहूनही खाली आले. स्पेनमधील कोर्दोबा येथे १,००२ हृदयरुग्णांवर सात वर्षे चाललेल्या आणि २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ऑलिव्ह तेल, कठीण कवचाची फळे व मासे असलेला आहार हा सर्व प्रकारची चरबी कमी केलेल्या आहारापेक्षा सरस ठरला. झटका, पक्षाघात यांसारख्या गंभीर घटना सुमारे एक चतुर्थांशाने कमी घडल्या. याचा अर्थ महागडे ऑलिव्ह तेल आणावे असा नाही. चरबी सरसकट बंद करण्यापेक्षा ती कोणती आणि किती हे ठरवणे महत्त्वाचे, एवढाच तो आहे.

मर्यादाही तितक्याच स्पष्टपणे समजून घ्यावी. आहार सुधारल्याने एलडीएल साधारणपणे १० ते १५ टक्क्यांनी उतरते, तर स्टॅटिन या कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या गोळीने ३० ते ५० टक्क्यांनी. झटका येऊन गेलेल्या व्यक्तीचे एलडीएल दर डेसिलिटर रक्तात ७० मिलिग्रॅमच्या खाली, आणि युरोपीय तज्ज्ञांच्या मते ५५ च्या खाली असावे; केवळ पथ्याने तेथे पोहोचणे बहुतेकांना शक्य नसते. अमेरिकी डॉक्टर डीन ऑर्निश यांच्या १९९० च्या गाजलेल्या प्रयोगाचा दाखला देऊन 'पथ्याने ब्लॉकेज जातात' असे सांगितले जाते. त्या छोट्या प्रयोगात अत्यंत कमी चरबीचा शाकाहार, नियमित व्यायाम, ध्यान आणि धूम्रपानबंदी या सर्वांच्या एका वर्षानंतर रक्तवाहिनीचे सरासरी अरुंदपण ४०.० टक्क्यांवरून ३७.८ टक्क्यांवर आले होते. हा बदल मोलाचा आहे, पण तो ब्लॉकेज 'विरघळणे' नव्हे. लसूण, आले, लिंबू, व्हिनेगर आणि मध यांच्या काढ्याने ब्लॉकेज साफ होतात हा मोबाइलवर फिरणारा दावा तर निराधारच आहे, आणि त्या भरवशावर रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या बंद केल्यास नुकताच बसवलेला स्टेंट गुठळीने बंद पडू शकतो.

तेल आणि मीठ मोजण्याची रीत

ज्या घरात तेल 'अंदाजाने' पडते, तेथे ते कमी करण्याचा निश्चय आठवडाभरही टिकत नाही. म्हणून आधी मोजमाप करावे. तेलाची नवी पिशवी आणि मिठाचा नवा पुडा फोडताना त्यावर मार्करने तारीख लिहावी आणि संपल्यावर किती दिवस गेले ते पाहावे. माणशी महिन्याला अर्धा लिटर तेल ही मर्यादा धरली, तर चौघांच्या घरात दोन लिटर तेल महिनाभर पुरले पाहिजे. याचा अर्थ प्रत्येकाला दिवसाला सुमारे तीन चहाचे चमचे. जागतिक आरोग्य संघटनेने मीठ दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे सपाट एक चहाचा चमचा एवढेच सांगितले आहे. चौघांच्या घरात एक किलोचा पुडा त्या हिशेबाने ५० दिवस जायला हवा, आणि पापड, लोणचे, फरसाण, ब्रेड यांतूनही मीठ पोटात जात असल्यामुळे प्रत्यक्षात तो दोन महिने पुरला तरच हिशेब जुळला असे समजावे.

रोजच्या अंमलबजावणीसाठी एक साधी युक्ती उपयोगी पडते. सकाळी ओट्यापाशी उभे राहिल्याबरोबर चौघांचे दिवसभराचे बारा चमचे तेल एका वाटीत काढून ठेवावे आणि बरणीला झाकण लावून ती वर ठेवून द्यावी. कणकेचे मोहन, पोळीच्या घडीत लावायचे तेल, भाजीची फोडणी, वरणाची फोडणी, रात्रीच्या खिचडीवर घालायचे, सारे त्या वाटीतूनच घ्यावे. सुरुवातीला दुपारच्या आतच वाटीचा तळ दिसेल. मग आपोआप लक्षात येते की घडीच्या पोळीऐवजी फुलका केला तर दोन-तीन चमचे वाचतात, आमटीला वेगळी चरचरीत फोडणी नसली तरी चालते, आणि कांदा परतताना तेल वाढवण्याऐवजी पाण्याचा हबका मारला तरी तो खाली लागत नाही.

मीठ कमी करताना पोळीच्या कणकेतील, भाकरीच्या पिठातील आणि भातातील मीठ आधी काढावे, कारण ते जिभेला फारसे जाणवत नाही. भाजीत मीठ शेवटी घालावे, कोशिंबिरीला लिंबू, जिरेपूड आणि थोडे दाण्याचे कूट लावावे, ताटात वरून मीठ वाढण्याची पद्धत बंद करावी. काही आठवड्यांत जिभेला सवय होते आणि पूर्वीचे जेवण खारट लागू लागते. विकतच्या कांदा-लसूण मसाल्यात मीठ असतेच, तेव्हा तो घातलेल्या भाजीत वेगळे मीठ निम्मे करावे. पापडात मिठाखेरीज पापडखारातूनही सोडियम येते. सैंधव किंवा काळे मीठ 'चालते' हा समज चुकीचा आहे. तेही मुख्यतः सोडियम क्लोराइडच असते.

बाजारात 'कमी सोडियमचे' मीठही मिळते, ज्यात काही भाग पोटॅशियम क्लोराइडचा असतो. चीनमधील सुमारे २१ हजार लोकांवरील २०२१ च्या अभ्यासात अशा मिठाने पक्षाघाताचे प्रमाण घटले. तथापि हृदयरुग्ण सहसा रक्तदाब व हृदयासाठीच्या रॅमिप्रिल, टेल्मिसार्टन किंवा स्पिरोनोलॅक्टोन या औषधांपैकी काही घेत असतो, आणि ही औषधे शरीरातील पोटॅशियम आधीच वाढवतात. मूत्रपिंड कमजोर असेल तर ते आणखी वाढून हृदयाचा ठोका बिघडू शकतो. रक्तातील पोटॅशियम आणि मूत्रपिंडाचे काम दाखवणारे क्रिएटिनिन डॉक्टरांनी पाहिल्याशिवाय हे मीठ घरात आणू नये. शहाळ्याच्या पाण्यातही पोटॅशियम असते, म्हणून ते रोज पिण्याबाबतही हेच लक्षात ठेवावे.

कोणते तेल, किती तूप

शेंगदाणा, सूर्यफूल, सोयाबीन, मोहरी, राइस ब्रान यांपैकी कोणतेही तेल आलटून पालटून वापरण्यास हरकत नाही. लाकडी घाण्याचे की रिफाइंड, हा वाद प्रमाणाच्या तुलनेत गौण आहे. वनस्पती तूप बंदच करावे, कारण त्यात ट्रान्स फॅट ही एलडीएल वाढवणारी चरबी असू शकते. भारतात २०२२ पासून तेले आणि चरबीयुक्त पदार्थांतील ट्रान्स फॅटची मर्यादा दोन टक्के आहे, त्यामुळे परिस्थिती पूर्वीपेक्षा सुधारली आहे. परंतु बेकरीतील खारी, नानकटाई आणि पाकीटबंद फरसाण यांत पामतेल सर्रास असते व त्यातील जवळपास निम्मी चरबी संपृक्त असते. साजूक तुपात हे प्रमाण ६० टक्क्यांच्या आसपास आहे. वरणभातावर दिवसातून एक चहाचा चमचा तूप घ्यावे, आणि तोही एकूण तीन चमच्यांतच धरावा. तुपाला औषध म्हणणारे आणि विष म्हणणारे, दोघेही प्रमाणाचा प्रश्न टाळतात.

नाशिककडच्या काळ्या मसाल्याच्या वाटणात सुके खोबरे बरेच असते आणि ते आपल्या लक्षातही येत नाही. खोबरे निम्मे करून त्या जागी भाजलेला कांदा आणि थोडे तीळ वाटले, तर रश्शाचा दाटपणा आणि रंग टिकतो.

मिसळीचे काय करावे

हा प्रश्न नाशिकच्या प्रत्येक रुग्णाच्या मनात असतो, आणि 'कायमची सोडा' हे उत्तर व्यवहारात कोणी पाळत नाही. मिसळीचा पाया मोड आलेली मटकी आहे आणि ती हृदयाला उत्तमच. बिघाड होतो तो तिच्यावर चढणाऱ्या थरांनी. तेलात तळलेली शेव आणि फरसाण, त्यावर तर्री म्हणजे रश्शावर तरंगणारे लाल तेल, सोबत मैद्याचे पाव, तळलेला पापड आणि शेवटी जिलबी: यांत एका बैठकीत दिवसाचे तेल आणि मिठाचा मोठा वाटा संपतो. शिवाय रस्सा मागेल तेवढा मिळतो.

घरी केल्यास चौघांसाठी दीड वाटी मटकीला मोड आणून ती हळद घालून शिजवावी. तीन चमचे तेलात कांदा, आले-लसूण आणि वर सांगितलेले कमी खोबऱ्याचे वाटण पाणी शिंपडत परतावे, काळा मसाला घालावा आणि रस्सा उकळून घ्यावा. तर्री दिसणार नाही. रंगासाठी ब्याडगी मिरची भिजवून वाटणात घालावी. ताटलीत मटकी भरपूर, रस्सा बेताचा, शेव चिमूटभर, आणि वरून कच्चा कांदा, कोथिंबीर व लिंबू. पावाऐवजी ज्वारीची भाकरी चुरून खाल्ली तर मला ती अधिकच चवदार लागते, पण हा आवडीचा भाग झाला. बाहेर गंगापूर रोडला सुटीच्या सकाळी जायचेच झाले तर महिन्यातून एखाद्या वेळी जावे, तर्री बाजूला काढायला सांगावे, एकच पाव घ्यावा आणि पापड टेबलावर येऊच देऊ नये.

ताटात वाढवायचे पदार्थ

कमी करण्याची यादी घरात सर्वांना पाठ असते, वाढवण्याची नसते. रुग्ण उपाशी राहतो आणि चार वाजता चिवड्याचा डबा उघडतो, तो यामुळेच. पेठ, सुरगाणा आणि त्र्यंबकच्या डोंगराळ भागातून येणारी नागली, येवला-सिन्नरकडची बाजरी आणि ज्वारी ही धान्ये आपल्याला सहज मिळतात, त्यांची भाकरी तेलाशिवाय होते आणि सपक भातापेक्षा तिने पोट अधिक वेळ भरलेले राहते. दोन्ही वेळच्या जेवणात डाळ किंवा उसळ वाटीभर असावी: मूग, मटकी, हुलगे, चवळी, हरभरा. बायपासनंतर छातीचे हाड जुळण्यासाठी प्रथिने लागतात, आणि नेमके तेव्हाच रुग्णाला पातळ वरणाच्या पाण्यावर ठेवण्याची चूक घरोघरी होते. त्या काळात भूक मंद असल्यास थोडे थोडे, पण पाच-सहा वेळा द्यावे. पालेभाज्या आणि सोबत काकडी, गाजर, मुळा यांनी अर्धे ताट भरावे. गंगाघाटावरच्या बुधवारच्या बाजारातून आठवड्याची भाजी एकदम आणणाऱ्या घरांनी पालेभाजी पहिल्या तीन दिवसांत संपवावी.

जवसाची चटणी मीठ बेताचे घालून रोज एक-दोन चमचे खावी. लियाँच्या आहारात ज्या अल्फा-लिनोलेनिक आम्लावर (वनस्पतींतील ओमेगा-३ चरबीवर) भर होता, ते जवसात आणि अक्रोडात भरपूर असते. मूठभर बिनमिठाचे शेंगदाणे किंवा बदाम हा चिवड्याला पर्याय होऊ शकतो. इसबगोलाने एलडीएल थोडे उतरते आणि बद्धकोष्ठही जाते, मात्र तो औषधांसोबत एकाच वेळी घेऊ नये. मासे खाणाऱ्यांनी आठवड्यातून दोनदा बांगडा किंवा तारली घ्यावी, तळून नव्हे तर कालवणात. माशाच्या तेलाच्या कॅप्सूल डॉक्टरांनी लिहून दिल्याखेरीज घेऊ नयेत. मोठ्या मात्रेत त्यांनी हृदयाच्या ठोक्याची अनियमितता वाढल्याचे आढळले आहे. अंड्याबाबत एकमत नाही. आठवड्याला तीन-चार अंडी बहुतेकांना चालतात.

सातपूर आणि अंबडच्या कारखान्यांत पाळीवर जाणाऱ्यांनी कँटीनच्या जेवणापेक्षा डबा न्यावा, आणि रात्रपाळीत चहाबरोबरचे बिस्किट हे 'खाणे' म्हणून मोजावे. दोन चमचे साखरेचे चार कप चहा म्हणजे सुमारे ४० ग्रॅम साखर होते. २५ ग्रॅमच्या आत राहणे चांगले.

द्राक्षे, वाइन आणि औषधे

निफाड-दिंडोरीची द्राक्षे हंगामात घरात पेटीने येतात. वाटीभर द्राक्षे हृदयरुग्णाला चालतात. मधुमेह असेल तर ती जेवणानंतर गोड म्हणून न खाता मधल्या वेळी खावीत. औषधांशी खरा विरोध आहे तो ग्रेपफ्रूट आणि पपनसाचा: या फळांमुळे अ‍ॅटोरव्हास्टॅटिन, सिम्व्हास्टॅटिन, टिकाग्रेलॉर यांसारख्या काही औषधांचे रक्तातील प्रमाण वाढू शकते, म्हणून ही औषधे चालू असताना पपनस टाळलेले बरे. द्राक्षांचा याच्याशी संबंध नाही.

जिल्ह्यात वाइन तयार होते म्हणून ती हृदयाला हितकर ठरत नाही. जे पीत नाहीत त्यांनी औषध म्हणून सुरुवात करू नये. हृदयाचे स्नायू अशक्त असतील किंवा ठोके अनियमित असतील तर मद्य पूर्ण वर्ज्य समजावे.

झडप बदललेल्या काही रुग्णांना वॉरफरिन किंवा अ‍ॅसेनोकुमारॉल हे गुठळी रोखणारे औषध दिले जाते. पालक, मेथी, कोथिंबीर यांतील जीवनसत्त्व 'के' या औषधांचा परिणाम कमी करते. यावर उपाय पालेभाजी बंद करणे हा नसून, दर आठवड्याला ती साधारण सारख्या प्रमाणात खाणे हा आहे, म्हणजे आयएनआर (रक्त गोठण्यास किती वेळ लागतो हे दाखवणारा आकडा) स्थिर राहतो. केवळ अ‍ॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल घेणाऱ्यांना हा नियम लागू नाही.

उपवास

एकादशी, श्रावणी सोमवार आणि नवरात्र सोडा असे सांगण्याची गरज नाही; उपवासाचे खाणे मात्र बदलावे लागते. साबुदाणा खिचडी, बटाट्याचे वेफर्स आणि तळलेला साबुदाणा वडा यांत रोजच्या जेवणापेक्षा तेल-तूप अधिक आणि तंतुमय अंश नगण्य असतो. त्याऐवजी भगर, राजगिऱ्याची भाकरी, उकडलेले रताळे, काकडी, फळे आणि बिनमिठाचे ताक घ्यावे. निर्जळी उपवास करू नये, विशेषतः लघवी वाढवणारी गोळी किंवा मधुमेहाची औषधे चालू असतील तर. पाणी आणि साखर एकदम घटून चक्कर येऊ शकते. गोळ्या उपवासाच्या दिवशीही घ्याव्यात, आणि अ‍ॅस्पिरिन काहीतरी खाऊन घ्यावी.

हृदयाचे पंपिंग कमी असल्यास

इकोच्या अहवालात पंपिंग कमी आले असेल, पायांवर सूज येत असेल, तर मीठ आणि पाणी या दोन्हींचे प्रमाण डॉक्टरांकडून आकड्यात विचारून घ्यावे. येथे अतिरेकही टाळावा: २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ८०६ रुग्णांच्या अभ्यासात रोजचे सोडियम दीड ग्रॅमच्या (म्हणजे मीठ सुमारे पावणेचार ग्रॅमच्या) खाली नेण्याचा सल्ला दिल्याने मृत्यू किंवा रुग्णालयात भरती होण्याचे प्रमाण घटले नाही. वयस्क रुग्ण अळणी जेवणामुळे खाणेच कमी करतात आणि खंगत जातात, हा धोका अधिक मोठा आहे. रोज सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, नाश्त्यापूर्वी, एकाच काट्यावर वजन करून लिहावे. तीन दिवसांत दोन किलो वाढले तर ती चरबी नसून साठलेले पाणी असते, आणि पुढच्या तारखेची वाट न पाहता डॉक्टरांना कळवावे.

तपासणी आणि जेवणानंतरची छाती

आहार किंवा स्टॅटिनची मात्रा बदलल्यावर ४ ते १२ आठवड्यांनी लिपिड प्रोफाइल, म्हणजे रक्तातील कोलेस्टेरॉलची तपासणी, करावी. त्याआधी केलेल्या तपासणीतून फारसे कळत नाही. मधुमेह असल्यास एचबीए१सी (मागील काही महिन्यांतील सरासरी रक्तशर्करा दाखवणारी तपासणी) तीन महिन्यांनी पुरेसे असते.

भरपेट जेवणानंतर छातीत जळजळ किंवा दाब वाटला की 'गॅस झाला' म्हणून सोड्याचे पाणी घेण्याची सवय फार घातक आहे, कारण जेवणानंतर हृदयावरचा भार वाढून अँजायना (हृदयाला रक्त कमी पडल्याने छातीत दुखणे) याच वेळी होऊ शकतो आणि त्या सोड्यातून सोडियमही भरपूर जाते. निदान झालेल्या रुग्णाने अशा वेळी बसून घ्यावे, डॉक्टरांनी दिलेली जिभेखालची गोळी सांगितल्याप्रमाणे ठेवावी, आणि पाच मिनिटांत दुखणे थांबले नाही, घाम सुटला किंवा दुखणे जबड्यात-हातात पसरले तर १०८ ला फोन करावा. स्वतः दुचाकी चालवत रुग्णालयात जाऊ नये.